तोतयाचें पत्र आणि खंडणीचें कुलूप

इ. स. १९८९ च्या डिसेंबर महिन्यांत निरनिराळ्या देशांतील हजारों लोकांच्या घरीं व कचेऱ्यांत लंडनहून टपालानें एक लिफाफा आला. लिफाफ्यांत संगणकाची एक लवचिक तबकडी आणि एक छापील पत्रक होतें. त्या काळीं एड्स हा रोग नवा होता. त्याचें भय फार होतें आणि त्याविषयीं विश्वसनीय माहिती थोडी होती. ही तबकडी त्या रोगाची माहिती देणारी म्हणून पाठविलेली होती. ती संगणकांत घातली असतां कांहीं प्रश्न विचारले जात आणि उत्तरांवरून त्या माणसाला रोगाचा धोका कितपत आहे हें सांगितलें जाई. असल्या सुमारे २०,००० तबकड्या धाडण्यांत आल्या होत्या. पत्ते घेतले होते ते एका संगणकविषयक नियतकालिकाच्या वर्गणीदारांच्या यादींतून आणि एड्सवरील एका जागतिक परिषदेस हजर राहिलेल्या मंडळींच्या यादींतून. म्हणजे ज्यांच्या दारीं हा लिफाफा आला, तीं माणसें अडाणी नव्हतीं. तीं सुशिक्षित, जिज्ञासु आणि कामांत गढलेलीं होतीं.

पत्रकाच्या पाठीमागें बारीक टाइपांत एक करार छापला होता. तबकडी वापरणारानें पीसी सायबोर्ग नांवाच्या मंडळीला भाडें दिलें पाहिजे, न दिल्यास त्याचा संगणक नीट चालणार नाहीं, असा त्याचा आशय. बारीक टाइप वाचण्याची सवय लोकांना तेव्हांहि नव्हती आणि आतांहि नाहीं. तबकडी चालविल्यावर वावगें असें कांहींच दिसत नसे. तिच्यांतला छुपा भाग मात्र संगणक किती वेळां सुरू झाला हें मुकाट्यानें मोजत बसे, आणि सुमारे नव्वदाव्या खेपेस जागा होई. मग यंत्रांतील फाइलींचीं नांवें ओळखूं न येणाऱ्या अक्षरांत बदलून जात आणि छपाईयंत्र सुरू करण्याची सूचना पडद्यावर येई. त्या यंत्रांतून एक बिल बाहेर पडे : ३६५ वेळांच्या वापराकरितां १८९ डॉलर, किंवा कायमच्या परवान्याकरितां ३७८ डॉलर, पनामा देशांतील एका टपालपेटीच्या पत्त्यावर पाठवावेत. संगणकाला ओलीस धरून खंडणी मागण्याचा जो प्रकार आज रॅन्समवेअर या नांवानें घरोघरीं माहीत झाला आहे, त्याचा आरंभ येथें आहे.

वास्तविक पाहतां हें कुलूप फार कच्चें होतें. फाइलींच्या आंतील मजकुराला त्या तबकडीनें हात लावलाच नव्हता. बदललीं होतीं तीं केवळ नांवें, आणि तीं पूर्ववत् करण्याची किल्लीहि त्या कार्यक्रमाच्या पोटांतच होती. घराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवावी, तसा हा प्रकार होता. जिम बेट्स नांवाच्या इंग्रज तज्ज्ञानें थोड्याच दिवसांत त्याची उकल केली, १९९० च्या जानेवारींत ती प्रसिद्ध केली आणि नांवें पूर्ववत् करणारें साधन लोकांना फुकट दिलें. परंतु तोंपर्यंत कित्येकांचा धीर सुटला होता. कांहींनीं घाबरून आपल्याच हातांनीं यंत्रांतील सर्व कांहीं पुसून टाकलें. इटलींतील एका संस्थेचें दहा वर्षांचें काम या घाईंत नाहींसें झालें, असें त्या प्रकरणाच्या वृत्तांतांत नमूद आहे. कुलुपानें जें नेलें नव्हतें, तें भीतीनें नेलें.

हा उद्योग करणारा इसम गल्लींतला भामटा नव्हता. जोसेफ पॉप हा हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेला अमेरिकन जीवशास्त्रज्ञ होता. त्याला अमेरिकेंत पकडून इंग्लंडांत आणण्यांत आलें. पण मानसिक प्रकृतीमुळें तो खटल्याला उभा राहण्यास पात्र नाहीं असें १९९१ मध्यें ठरलें, आणि प्रकरण तेथेंच थांबलें.

पॉपच्या या धंद्यांत तीन अडचणी होत्या. पहिली माल पोंचविण्याची. वीस हजार तबकड्या, तितकेच लिफाफे आणि तितकींच तिकिटें यांना खर्च लागतो. दुसरी कुलुपाची, किल्ली आंतच राहिल्यानें शहाणा माणूस ती शोधून काढूं शकत होता. तिसरी पैसा घेण्याची. टपालपेटीवर किंवा पेढीवर पैसा मागविला कीं घेणाराचा माग लागतो. पुढील पंचवीस वर्षांचा इतिहास म्हणजे या तीन अडचणी एकामागून एक कशा दूर झाल्या याचाच इतिहास होय. त्यांतील चमत्कारिक गोष्ट अशी कीं, त्या दूर करणारीं साधनें बहुतांशीं सज्जनांनीं सज्जनांच्या सोयीसाठींच निर्माण केलेलीं होतीं.

पहिली अडचण ई-मेलनें दूर केली. तिकिटाचा खर्च संपला, एका पत्राच्या लाख प्रती क्षणांत जाऊं लागल्या, आणि मुख्य म्हणजे पाठविणाराच्या जागीं वाटेल तें नांव घालण्याची सोय झाली. १९९५-९६ च्या सुमारास अमेरिका ऑनलाइन या सेवेच्या ग्राहकांना संदेश येऊं लागले, ‘आम्ही कंपनीचे कर्मचारी आहोंत, आपलें खातें तपासावयाचें आहे, तरी पासवर्ड कळवावा.’ ग्राहक तो बिनदिक्कत कळवीत. गळ टाकून मासे धरण्याच्या या कलेला फिशिंग हें नांव त्याच काळांत पडलें. आमचा कोणताहि नोकर आपणांस पासवर्ड विचारणार नाहीं, अशी ओळ अखेर त्या कंपनीला आपल्या पडद्यांवर घालावी लागली. आज भारतांतील बँकाहि आपल्या ग्राहकांना नेमकें हेंच सांगत असतात.

मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटण्याचें कारण नाहीं. १७६१ सालीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांचा देह निःसंशय ओळखला गेला कीं नाहीं याविषयीं लोकांच्या मनांत किंतु राहिला. त्या शंकेच्या आधारावर भाऊसाहेब म्हणविणारा एक तोतया उभा राहिला, आणि १७७६ मध्यें कोंकणांतील कित्येक किल्ले त्याच्या हातीं गेले. त्याच्याजवळ विशेष सैन्य किंवा खजिना होता अशांतला भाग नाहीं. लोकांना जें खरें असावेंसें वाटत होतें तेंच त्यानें त्यांना सांगितलें, एवढेंच त्याचें बळ. फिशिंगचें पत्र हें अशाच तोतयाचें पत्र असतें. तें बँकेचें, आयकर खात्याचें, वीजकंपनीचें किंवा एखाद्या आप्ताचें नांव धारण करतें आणि वाचणाराच्या मनांत आधींच असलेल्या आशेला अगर भीतीला हात घालतें.

या युक्तीचें बळ जगाला खरें कळलें तें ४ मे २००० रोजीं. त्या दिवशीं फिलिपाइन्समधून एक पत्र निघालें. विषयाच्या जागीं ‘माझें तुझ्यावर प्रेम आहे’ एवढीच इंग्रजी ओळ, आणि सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल जोडलेली. फाइलीच्या नांवाला दोन शेपट्या होत्या. पहिली टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर. दुसरी व्हीबीएस, म्हणजे संगणकाला हुकूम सोडणारा कार्यक्रम. विंडोज ही यंत्रणा वापरणाराच्या सोयीसाठीं शेवटची शेपटी झांकून ठेवीत असल्यामुळें वाचणाराला पहिलीच दिसे. फाइल उघडतांच तींतील कार्यक्रम छायाचित्रांवर व इतर फाइलींवर आपली नक्कल लिहून त्या नष्ट करी, आणि त्या माणसाच्या पत्त्यांच्या वहींत जितकीं नांवें असतील तितक्यांना तेंच पत्र पाठवी. म्हणून तें अनोळखी माणसाकडून येत नसे. मित्राकडून, सहकाऱ्याकडून, वरिष्ठाकडून येई. ब्रिटिश पार्लमेंटलाहि आपली ई-मेल कांहीं काळ बंद ठेवावी लागली.

हें पत्र लिहिणारा तरुण मनिला शहरांत सांपडला. परंतु त्याला शिक्षा झाली नाहीं, कारण असल्या कृत्याला गुन्हा ठरविणारा कायदाच त्या देशांत त्या वेळीं नव्हता. तो जूनमध्यें झाला, पण झालेल्या गोष्टीला लागू होईना. योगायोगाची गोष्ट अशी कीं, भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यालाहि राष्ट्रपतींची संमति त्याच जून महिन्यांत मिळाली आणि १७ ऑक्टोबर २००० पासून तो अमलांत आला. चोर पुढें आणि कायदा मागें, हा क्रम त्या सालीं दोन्ही देशांत सारखाच दिसला.

दुसरी अडचण कुलुपाची. तिचें उत्तर १९७७ सालींच तयार झालें होतें, फक्त तें चोरांनीं हातीं घेतलें नव्हतें. त्या सालीं अमेरिकेंत रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनीं आपल्या नांवांच्या आद्याक्षरांवरून आरएसए म्हणून ओळखली जाणारी गुप्तलेखनाची पद्धति शोधून काढली. रस्त्यावरच्या टपालपेटीवरून तिचें मर्म समजेल. पेटींत पत्र टाकावयास कोणालाहि मुभा आहे. परंतु टाकलेलें पत्र बाहेर काढावयाची किल्ली एकट्या टपालवाल्याजवळ असते. तशाच या पद्धतींत दोन किल्ल्या असतात, एक बंद करण्याची आणि दुसरी उघडण्याची, आणि पहिलीवरून दुसरी काढणें व्यवहारांत अशक्य असतें. बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवावे, पत्रें गुप्त राहावीं, हा तिचा हेतु. १९९६ मध्यें ॲडम यंग व मोटी युंग या शास्त्रज्ञांनीं एका निबंधांत धोक्याची सूचना दिली कीं, हीच पद्धति उलट्या हेतूनेंहि वापरतां येईल. खंडणीखोर केवळ बंद करण्याची किल्ली बाधित संगणकांत ठेवील, उघडण्याची स्वतःजवळ राखील, आणि मग जिम बेट्ससारख्या कितीहि हुशार माणसानें तो कार्यक्रम उलगडला तरी त्याच्या पोटांत किल्ली सांपडणार नाहीं. सूचना खरी ठरली. पण तिच्याकडे पुरेसें लक्ष गेलें नाहीं.

तिसरी अडचण पैसा घेण्याची. २००९ च्या जानेवारींत बिटकॉइन हें चलन सुरू झालें. बँकेच्या मध्यस्थीवांचून, खरें नांव न सांगतां, जगाच्या एका टोंकाहून दुसऱ्या टोंकाला पैसा धाडण्याची सोय त्यानें केली. अशा रीतीनें वीस वर्षांत पोंचविण्याचें साधन, न उघडणारें कुलूप आणि खरें नांव न सांगणारी थैली, हीं तिन्ही तयार झालीं. तीं एकत्र बांधणाराचाच काय तो अवकाश होता.

तें काम २०१३ च्या सप्टेंबरांत क्रिप्टोलॉकरनें केलें. तो ई-मेलनें येई. कधीं ग्राहकाच्या तक्रारीच्या रूपानें, कधीं पार्सलच्या सूचनेच्या. जोडलेली फाइल दिसावयास साधा दस्तऐवज असे. ती उघडल्यावर या वेळीं नांवांना नव्हे, तर प्रत्यक्ष मजकुराला कुलूप लागे; छायाचित्रें, हिशेब, पत्रव्यवहार, सर्व कांहीं. मग पडद्यावर तांबडी चौकट येई आणि तींत एक घड्याळ उलटें चालत असे. ७२ तासांच्या आंत सुमारे ३०० डॉलर न भरल्यास किल्ली नष्ट केली जाईल, अशी धमकी असे. हें घड्याळ म्हणजेच त्या यंत्रांतील सर्वांत मुरब्बी भाग होय. माणसाला विचार करावयास, दुसऱ्याला विचारावयास वेळच मिळूं नये, हा त्याचा उद्देश. आणखी एक गोष्ट अनेक घरांना फार महाग पडली. जपून ठेवण्याच्या प्रती ज्या बाह्य डिस्कवर होत्या, ती डिस्क संगणकाला कायमची जोडलेली असे. त्यामुळें मूळ फाइलींबरोबर त्या प्रतींनाहि कुलूप लागलें.

या प्रकरणाचा शेवट लक्षांत ठेवण्यासारखा आहे. २०१४ च्या मे-जूनमध्यें अनेक देशांच्या पोलिसांनीं आणि तज्ज्ञांनीं मिळून क्रिप्टोलॉकर पसरविणारें जाळें तोडलें. त्याच्या किल्ल्यांचा सांठा हातीं लागला, आणि ऑगस्टमध्यें दोन खाजगी कंपन्यांनीं बाधित लोकांना त्या फुकट देण्याची व्यवस्था केली. ज्यांनीं निराश होऊन कुलूपबंद फाइली पुसून टाकल्या होत्या त्यांना या किल्ल्यांचा उपयोग नव्हता. ज्यांनीं त्या तशाच बाजूला ठेवल्या होत्या, त्यांना जवळजवळ वर्षभरानें आपलीं चित्रें व आपले कागद परत मिळूं शकले. इटलींतील त्या संस्थेची गोष्ट पंचवीस वर्षांनंतर पुन्हां तोच धडा सांगत होती.

तथापि प्रत्येक संकट पत्राच्या दारानेंच येतें असें नाहीं. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाचा खंडणीखोर कार्यक्रम सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांत पसरला. त्याला कोणी फाइल उघडावी लागत नव्हती. विंडोजच्या भिंतींतील एका भगदाडांतून तो एका यंत्रांतून दुसऱ्यांत शिरे. तें भगदाड बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजीं, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीं, दिलेली होती. ज्यांनीं ती वेळेवर बसविली त्यांचीं यंत्रें या दारानें जाणाऱ्या चोरापासून वांचलीं. ज्यांनीं ‘उद्यां पाहूं’ म्हटलें तीं सांपडलीं. इंग्लंडच्या सार्वजनिक रुग्णालयांत रुग्णांच्या सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा तेथील अंदाज आहे. भारतांत आंध्र प्रदेशच्या पोलिसांचे कांहीं संगणक बाधित झाले. मार्कस हचिन्स नांवाच्या तरुण तज्ज्ञाला त्या कार्यक्रमांत इंटरनेटवरील एक विचित्र, कोणीहि न घेतलेला पत्ता आढळला. त्यानें तो थोडक्या पैशांत आपल्या नांवें नोंदविला, आणि त्यासरशीं प्रसार ओसरला. परंतु असा योग प्रत्येक वेळीं येत नसतो.

त्यानंतर दीड महिन्यानें, २७ जूनला, युक्रेनमधून नॉटपेट्या निघाला. तेथील एका हिशेबाच्या कार्यक्रमाच्या सुधारणेंतून तो शिरला. बाहेरून तो खंडणीखोर दिसे. आंतून तो केवळ नाश करणारा होता. पैसे भरून किल्ली मागण्यासाठीं जो ई-मेलचा पत्ता दिला होता, तो त्या सेवेनें लगेच बंद केला; म्हणजे खंडणी देणाराचे पैसे गेले आणि फाइलीहि गेल्या. मर्स्क या डेन्मार्कच्या जहाजकंपनीचा कारभार जगभर ठप्प झाला, आणि त्याची झळ थेट मुंबईजवळ न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराला पोंचली. तेथील त्या समूहाच्या धक्क्यावरचें काम अडून राहिलें. त्या कंपनीच्या जाळ्याची मुख्य नोंदवही जगांतील सुमारे दीडशें संगणकांत होती, आणि ते सर्व एकमेकांशीं सतत ताळा राखून असत. एक गेला तर बाकीचे आहेत, असा विश्वास होता. परंतु ताळा राखणाऱ्या प्रती नाशाचाहि ताळा राखतात; त्या सगळ्याच एकदम गेल्या. उरली ती एकच. घाना देशांतील कचेरींत त्या वेळीं वीज गेलेली होती, म्हणून तेथील यंत्र जाळ्यापासून तुटलेलें होतें. ती डिस्क माणसाच्या हातीं देऊन विमानानें इंग्लंडला नेण्यांत आली आणि तिच्यावरून कंपनीनें आपला कारभार पुन्हां उभा केला.

मोठ्या कंपनीला वीज गेल्यामुळें जें योगायोगानें लाभलें, तें साध्या घराला ठरवून करतां येतें. या देशाच्या जुन्या पेढ्यांवर हें शहाणपण रोजच्या व्यवहारांत होतें. हुंडी गहाळ झाली तर तिच्याऐवजीं पेठ लिहून देत. पेठहि हरवली तर परपेठ. आणि शाहजोग हुंडीचा पैसा आणून दाखविणाऱ्या वाटेल त्या माणसाला मिळत नसे. बाजारांत ज्याची पत व ओळख आहे अशा शाहालाच तो दिला जाई. दुसरी प्रत आणि दुसरी चौकशी, या दोन खुंट्यांवर तो व्यवहार उभा होता. घरच्या संगणकाचें रक्षणहि याच दोन गोष्टींवर उभें आहे. बाकीचे उपाय त्यांच्या आधाराला आहेत.

प्रथम दुसऱ्या प्रतीचा विचार. घरांतील संगणकांत आज काय काय असतें? वडिलांनीं उतारवयांत टाइप करून ठेवलेल्या आठवणी, आजीच्या आवाजांतील ओव्या, मुलीच्या बारशाचीं छायाचित्रें, घराच्या खरेदीखताची नक्कल. यांतील पुष्कळ वस्तु पैशानें पुन्हां मिळणाऱ्या नाहींत, आणि खंडणी मागणाराला हें पक्कें ठाऊक असतें. म्हणून पीटर क्रोग या छायाचित्रकारानें रूढ केलेला नियम पाळण्यासारखा आहे : प्रती तीन, साधनें दोन प्रकारचीं, आणि एक प्रत घराबाहेर. त्यांतील एक प्रत तरी अशी असावी कीं, नक्कल झाल्यावर डिस्कची तार काढून ती कपाटांत जाईल. दर महिन्याचा एक दिवस या कामाला ठरवून टाकावा. आणि कधींमधीं त्या प्रतींतील एखादी फाइल उघडून पाहावी, कारण न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे. इंटरनेटवरील सांठ्यांत फाइली आपोआप जातात एवढ्यावर निर्धास्त राहणें बरें नाहीं. जेथें जुन्या आवृत्त्या राखल्या जात नाहींत, तेथें कुलूप लागलेली फाइलहि तशीच आपोआप जाते. विंडोजच्या दुरुस्त्या येतांच बसवून घ्याव्या. विंडोज १० चें सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें असल्यामुळें, तीवर चालणारें यंत्र घरांत असेल तर त्याची निराळी व्यवस्था केली पाहिजे.

आतां दुसऱ्या चौकशीविषयीं. पूर्वीं सांगत असत कीं, खोट्या पत्रांतील भाषा अशुद्ध असते, तीवरून तें ओळखावें. ही कसोटी आतां उरली नाहीं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानें कोणालाहि शुद्ध इंग्रजींत, हिंदींत आणि मराठींतहि पत्र लिहवून घेतां येतें. म्हणून पत्राची भाषा पाहण्यापेक्षां त्याची मागणी पाहावी. जें पत्र घाई करतें, भीति घालतें किंवा अकल्पित लाभ दाखवितें, आणि त्याबरोबर एखादी लिंक दाबण्यास, फाइल उघडण्यास अगर पासवर्ड देण्यास सांगतें, त्याला उत्तर त्याच वाटेनें देऊं नये. बँकेचें पत्र असेल तर पासबुकावरील क्रमांकावर फोन करावा. भाच्याचें असेल तर भाच्याला प्रत्यक्ष विचारावें. संकेतस्थळाचा पत्ता पाहतांना आरंभींच्या जोड तिरक्या रेघा सोडून पुढील पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधीं काय आहे तें पाहावें. बँकेचें नांव पत्त्यांत कोठेंतरी असणें पुरेसें नाहीं, तें त्या शेवटच्या भागांत असलें पाहिजे. फाइलीची खरी शेपटी दिसेल अशी यंत्राची मांडणी ठेवावी. महत्त्वाच्या खात्यांना पासवर्डाबरोबर दुसरी खूण लावावी, आणि प्रत्येक खात्याचा पासवर्ड निराळा ठेवावा. रोजच्या कामाला सर्वाधिकार नसलेलें साधें खातें वापरावें. म्हणजे चोर शिरला तरी सगळ्या किल्ल्या त्याच्या हातीं जात नाहींत.

इतकें करूनहि प्रसंग आलाच, तर १९८९ आणि २०१४ या दोन सालांची आठवण ठेवावी. प्रथम संगणकाचा इंटरनेटशीं आणि घरांतील इतर यंत्रांशीं संबंध तोडावा. पडद्यावरील मजकुराचें छायाचित्र घ्यावें. घाबरून कांहीं पुसूं नये. कुलूपबंद फाइली निराळ्या डिस्कवर जपून ठेवाव्या. २०१६ मध्यें डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा-कंपन्या यांनीं सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर अनेक जातींच्या कुलुपांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आपल्या कुलुपाची किल्ली तेथें आहे काय हें पाहावें. भारतांत पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावें, कारण पैसा पुढें सरकण्यापूर्वीं तो अडविण्याची संधि पहिल्या कांहीं तासांतच असते. खंडणी देऊन किल्ली मिळेलच याचा भरंवसा नाहीं, हें नॉटपेट्यानें दाखविलें आहे. आणि दिलेल्या प्रत्येक खंडणीनें पुढच्या घरावरील धाडीचा खर्च भागतो. शेवटीं ज्यानें फाइल उघडली त्याला घरांत दोष देत बसूं नये. दोष देणाऱ्या घरांत पुढची चूक झांकली जाते, आणि झांकलेल्या वेळांत कुलूप आणखी फाइलींवर चढत जातें.

पॉपच्या तबकडीपासून आजपर्यंत कुलुपें बदललीं, दारें बदललीं, खंडणीचें नाणेंहि बदललें. बदललें नाहीं तें एकच. दारांत उभा असलेला तोतया आजहि पहिली गोष्ट मागतो ती पैसा नव्हे. तो मागतो घाई. ती जें घर देत नाहीं, आणि ज्याच्या कपाटांत तार काढलेली एक प्रत शांतपणें पडून आहे, त्या घरांतल्या आजीच्या ओव्या नातवंडांच्या कानांपर्यंत पोंचतात.